मे महिन्यात ओढा खाली असतो

आमच्या ओढ्याला नाव नाही. ओढा म्हटलं की तोच. शेजारच्या गावातही एक आहे, पण त्याचं त्यांनी बघावं. सरकारी कागदात मात्र बिननावाचं काही चालत नाही. त्यामुळं हमरस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा आमच्या ओढ्याला एक नंबर मिळाला, आणि नंबरापुढं त्याची सगळी हकिकत लिहिली होती : हंगामी, कोरडा, वापर नाही.

हे मला कळलं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेल्या नोटिशीवरून. मी शाळेत गेलेली नाही. पोरांच्या पुस्तकांवर वाचायला शिकले, त्यामुळं जाड अक्षर पटकन वाचते, बारीक अक्षराला वेळ लागतो. आमचा ओढा बारीक अक्षरात होता. मी तिथं इतका वेळ उभी राहिले की शिपायानं येऊन विचारलं, कुणाचं लगीन हाय का काय. मी म्हटलं, लगीन न्हाई, आमचं पाणी हाय.

सन दोन हजार यायला अजून थोडी वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव साताऱ्याच्या खाली, कऱ्हाडच्या अलीकडं, हमरस्त्याला चिकटून. म्हणजे रस्त्याच्या वरच्या अंगाला गाव आणि खालच्या अंगाला आमची वस्ती. ओढा गावाच्या बाजूनं यायचा, जुन्या दगडी मोरीतनं रस्त्याखालून आमच्या बाजूला उतरायचा, आणि उतरल्या उतरल्या एक वळण घ्यायचा. त्या वळणावर करंजाचं झाड, आणि झाडाखाली आमचा झिरा.

ज्यांना झिरा माहीत नाही त्यांना सांगते. उन्हाळ्यात ओढा वरनं आटतो. वाळू तेवढी दिसते. पण वाळूत हातानं नाहीतर खोऱ्यानं खड्डा घेतला की खालनं पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणायचं. काठावर उकिडवं बसायचं, वाटीनं पाणी घ्यायचं, फडक्यातनं गाळून हंड्यात ओतायचं, हंडा भरला की पुढची बाई बसायची. ज्याच्या त्याच्या हातात ज्याची त्याची वाटी.

गावाचा झिरा मोरीच्या वर, आमचा मोरीच्या खाली. वाळू तीच, पाणी तेच, मधे रस्ता. माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा घरातले देव याच ओढ्यात सोडले. देव वाहून गेले, झिरा होता तिथंच राहिला. गावाच्या बायका खाली येत नसत, आम्ही वर जात नसू. यावरनं कधी भांडण झालेलं मी बघितलं नाही. ज्याचा विषय निघत नाही त्यावर भांडण कसं होणार.

नळ आला होता, नाही असं नाही. पण नळाची मोटर उन्हाळा लागला की जळायची, आणि चालू असली तरी त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. तासभर चुलीवर ठेवा, दाणा दाण्याच्या जागी. झिऱ्याच्या पाण्यात तीच डाळ, भाजी निवडून होईतो, शिजायची. म्हणून नळाचं पाणी धुण्याला आणि झिऱ्याचं पोटाला, असं सगळ्या घरांत होतं, वरच्याही आणि खालच्याही.

आता रस्त्याच्या खात्याला काय करायचं होतं, तर जुनी मोरी पाडून सिमेंटचे पाइप घालायचे, ओढा सरळ करून त्या पाइपांत घ्यायचा आणि आमचं वळण मुरूम टाकून बुजवायचं, कारण रस्ता तिथवर येणार होता. मोजणीला आलेल्या इंजिनिअरनं हे आम्हाला नीट समजावून सांगितलं. तरणा मुलगा होता, बोलायला चांगला. म्हणाला, काळजी करू नका, पाणी अडणार नाही, सगळं पाइपातनं जाईल.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. त्या सगळ्यांशी एकाच आवाजात बोलायच्या, शेळीशी बोलायच्या तसंच मामलेदाराशी. त्यांनी विचारलं, "आनि पाइपात वाटी कशी घालायची?"

इंजिनिअरनं ते लिहून घेतलं नाही.

पण त्या सुमारास सरकारचा नवा नियम निघाला होता म्हणे. एवढं मोठं काम करायचं तर झाडांचं, पाण्याचं, ओढ्यानाल्यांचं काय होणार ते आधी लिहून द्यायचं, लोकांना बोलवून विचारायचं, मग वरनं मंजुरी मिळणार. ओढा लोकांच्या वापरात असेल तर त्याला हात लावायला वेगळ्या अटी. वापरात नसेल तर पाइप घाला आणि मोकळे व्हा. आमचा ओढा वापरात नव्हता, कागदात तसं होतंच. ते चार शब्द बदलले नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं प्यायचं काय, एवढाच प्रश्न होता.

जाहीर सुनावणी साताऱ्यात होती. जाऊबाई, मी आणि पलटणीतनं रिटायर झालेले आमचे एक चुलत दीर असे एसटीनं गेलो. सभेत कसं बोलायचं ते कळतं म्हणून दिरांना नेलं होतं. ते इस्त्रीचे कपडे घालून आले, पुढच्या रांगेत ताठ बसले, आणि माइक हातात आल्यावर त्यांनी साहेबांना असा कडक सलाम ठोकला की त्यानंतर काय बोलायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी माइक जाऊबाईंकडं दिला.

तोवर बराच वेळ उसाच्या जमिनी आणि बांधावरच्या आंब्यांचीच चर्चा चालली होती. मंचावर आमचा इंजिनिअर होता आणि मधे एक वयस्कर साहेब, मंजुरीच्या कचेरीतनं आलेले. जाऊबाई म्हणाल्या, "तुमच्या कागदात आमचा वढा कोरडा हाय. तुमी त्यो कवा बघिटला?"

इंजिनिअर म्हणाला, मे महिन्यात.

"मे महिन्यात त्यो खाली असतो."

"खाली म्हणजे कुठं?"

"वाळूच्या खाली."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सांगितलं की ते स्वतः बघायला येतील, आणि मे महिन्यातच येतील. आम्ही परतीच्या एसटीत बसलो तेव्हा दीर म्हणाले की सलामामुळं चांगला परिणाम झाला.

साहेब येणार ही बातमी आमच्याआधी गावात पोचली. आता आमच्या सरपंचांबद्दल सांगायला पाहिजे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या मयताला, कुणाच्या दवाखान्याला मिरजेपर्यंत सोबत जाणारा. पण साहेब येणार म्हटलं की त्यांना झाडू आठवायचा. आमच्या गावाची पद्धतच होती ती. मागं एकदा शाळा तपासायला कुणी येणार होतं, तेव्हा शाळेच्या वाटेवरच्या शेळ्यांच्या गोठ्यांना चुना लावला होता, आणि शेळ्या आठवडाभर पांढऱ्या हिंडत होत्या. साहेबानं गाव बघायचं म्हणजे गावात बघण्यासारखं वाईट काही ठेवायचं नाही. त्यात लबाडी नव्हती. पाहुणा यायचा तर आपण अंगण झाडतो, तसंच.

तर त्यांनी ओढा झाडायला काढला.

आदल्या दिवशी सकाळीच तरुण मंडळाची पोरं खोरी-घमेली घेऊन उतरली. चिंध्या वेचल्या, काटेरी झुडपं तोडली, काठावरच्या धोंड्यांना चुना फासला. वाळूत ठिकठिकाणी खड्डे होते, जनावरांच्या पायाचे, पोरांच्या खेळाचे, ते बरे दिसेनात. मग पेरणी झाल्यावर रान सपाट करायची फळी असते, ती बैलांना जुंपून ओढ्यातनं वरनं खालपर्यंत फिरवली. मी आयुष्यात ओढ्याला फळी मारलेली तेवढी एकदाच बघितली.

काठावर सरपंचांच्या आई उभ्या होत्या. गावात त्यांच्या शब्दाला मान. हातातली काठी झिऱ्याकडं करून त्या पोरांना म्हणाल्या, "आधी आपला बुजवा. चांगल्या घरच्या बायका खड्ड्यातलं पानी पित्यात म्हनलं तर त्यो सायब काय म्हनंल?"

त्यांचा बुजला. मग फळी रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आली. जाऊबाई बैलांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. बैल थांबले, फळीवर उभा असलेला पोरगाही थांबला, मग सरपंचांना बोलवून आणलं.

"आवं सरपंच, सायब त्यो खड्डाच बघाय येतुया."

"आक्का, सायबाला खड्डा दावायचा व्हय? गावाच्या अब्रूचं काय?"

"आमच्या पान्याचं काय?"

"एक दीस नळाचं प्या. सायब गेला की परत काढा. मी पोरं देतो काढाय." आणि हे ते मनापासून म्हणत होते.

जाऊबाई बाजूला झाल्या. दुसरं काय करणार. आमच्यातल्याही काही जणांना वाटत होतं की जरा नीटनेटकं दिसलेलं बरं. संध्याकाळपर्यंत ओढा असा झाला की त्यात कुस्त्या भरवाव्यात. दोन्ही काठांना फक्कीच्या रेघासुद्धा मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेबांना टोपी घातली, शाल दिली, नारळ दिला. तिन्ही वस्तू सांभाळत ते ओढ्यात उतरले आणि मधोमध उभे राहून वर बघितलं, खाली बघितलं. नजर पोचेल तिथवर सपाट वाळू. इंजिनिअरचा चेहरा खुलला. तो म्हणाला, "साहेब, मी अहवालात तेच म्हटलंय."

साहेबांनी सरपंचांना विचारलं, गावाला पिण्याचं पाणी कुठलं. सरपंच म्हणाले, घरोघर नळ हाय. ओढ्याचं कुणी पितं का? सरपंच म्हणाले, छ्या, आमच्या गावात न्हाई. त्यांच्या आई मागं पदर नीट करून उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. खरं तर नळाची मोटर आदल्याच रात्री जळली होती आणि साहेबांच्या चहासाठी पाणी कुठनं आणायचं यावरनं त्यांच्या घरात सकाळी बोलाचाली झाली होती. ते आम्हाला नंतर कळलं.

साहेब वही मिटायला लागले. तेव्हा मोरीच्या खालच्या अंगानं जाऊबाईंचा आवाज आला, शेळीला हाक मारताना येतो तसा.

"आमी पितो."

साहेब मोरीखालनं वाकून आमच्या बाजूला आले, त्यांच्यामागं बाकीचे. वळणावर आमच्या सगळ्या बायका होत्या. साहेबांनी विचारलं, कुठनं पिता? जाऊबाईंनी सपाट वाळूकडं बोट केलं. इंजिनिअरनं हळूच खोकला काढला.

"हितं झिरा हुता," मी म्हटलं. "काल बुजवला."

"का?"

"तुमी येनार म्हनून."

साहेबांनी सरपंचांकडं बघितलं. सरपंचांनी करंजाच्या झाडाकडं. मग साहेब चुना लावलेल्या एका धोंड्यावर बसले. चुना अजून ओला होता, पण कुणाला सांगवेना. ते म्हणाले, "काढा. मी बसतो."

जाऊबाईंनी खोरं घेतलं, मी घमेलं. रोजचा झिरा म्हणजे तळातली ओल नुसती उकरायची असते, पण हा फळीनं दाबून भरलेला. आम्ही काढू तेवढी वाळू बाजूनं परत आत येत होती. कोपरभर गेलो, कोरडं. सरपंच म्हणाले, साहेब, तोवर चहा घेऊ. इंजिनिअर घड्याळ बघून म्हणाला, पुढची गावं आहेत. साहेब म्हणाले, आधी ओल लागू दे.

ओढा मे महिन्यात खाली असतो हे आमच्या सासवांनी सांगितलेलं आणि आम्ही बघितलेलं. पण त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला होता, आणि नेमक्या त्या दिवशी पाणी नाही लागलं तर साहेबांसमोर आम्ही खोट्या ठरणार, आणि कागद खरा.

साहेब बसल्या जागेवरनं म्हणाले, "वाळू लांब टाका. काठावर टाकली तर परत आत येते. माझी आई माण तालुक्यात आहे अजून. आमच्याकडं नुसते झिरेच असतात."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाबरून विसरलो होतो. लांब टाकायला लागलो. करंजाच्या मुळीकडं थोडं सरकलो. वाळूचा रंग बदलला. मग खोऱ्याला लागून ती ढेकळासारखी निघायला लागली. मग जाऊबाई खोरं टाकून हातांनी उकरायला लागल्या, आणि त्यांच्या बोटांच्या मधनं तळाशी काहीतरी चकाकलं. ते नुसतं चकाकलंच, पाणी म्हणावं एवढं नव्हतं. आम्ही सगळे बघत बसलो. साहेब, इंजिनिअर, सरपंच, जीपचा ड्रायव्हर, आम्ही बायका, सगळे त्या एका खड्ड्याकडं. तो भरेतोवर.

पहिलं पाणी गढूळ असतं, ते उपसून टाकलं. दुसरं जरा बरं, तेही टाकलं. तिसऱ्याला तळ दिसला.

सरपंचांनी साहेबांसाठी कऱ्हाडच्या स्टँडवरनं सीलबंद पाण्याची बाटली मागवली होती. तेव्हा तशी बाटली म्हणजे मोठी गोष्ट. साहेबांनी ती मागून घेतली, सील तोडलं, पाणी वाळूत ओतून टाकलं आणि आमच्या झिऱ्याचं पाणी वाटीनं बाटलीत भरून घेतलं. तपासायला पाठवायचं म्हणाले. ओतलेलं पाणी वाळूनं चटकन पिऊन टाकलं. सरपंच तिकडं बघत होते.

मग साहेबांनी त्यांना परत विचारलं, "वरच्या बाजूला गावाचा असा झिरा नाही?"

सरपंचांनी आईकडं बघितलं. आईंनी काठीकडं.

"हाय की," जाऊबाई म्हणाल्या. "त्योबी बुजवलाय."

"तसं काय न्हाई सायब," सरपंच म्हणाले. "आमच्याकडं नळ हाय."

"असेल तर काढून दाखवा. मी तिकडंही बसतो."

खोरं आमच्या झिऱ्याच्या काठावर पडलं होतं. सरपंचांनी ते बघितलं, गावच्या पोरांनी बघितलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही. मग साहेबांनी वहीत जे दिसलं ते लिहिलं आणि जीपकडं निघाले. पँटीला मागं चुन्याचा ठसा होता. तो तसाच पुढच्या गावाला गेला.

मंजुरी यायला बराच काळ गेला. अटी काय आहेत ते मला कुणी वाचायला दिलं नाही, पण काम सुरू झालं तेव्हा दिसलं. आमच्या बाजूला वळण तसंच ठेवलं. पाइप नाहीत, वरनं स्लॅबची रुंद मोरी टाकली, खाली वाळू मोकळी. करंज मात्र गेलं. ते वापरात आहे असं सांगायचं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. गावाच्या बाजूला वापर काही नव्हता, तसं लिहिलेलंच होतं. तिथं पाण्यानं रस्ता पोखरू नये म्हणून ओढ्याच्या तळात काँक्रीट ओतलं. छान गुळगुळीत झालं. पोरं त्यावरनं घसरगुंडी खेळायची.

रस्ता चालू झाला त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नळाची मोटर जळली, दरवर्षीसारखी. आम्ही झिरा काढला, स्लॅबच्या खाली. वरनं ट्रक जायचे, खाली आम्ही वाटीनं पाणी भरायचो. सावली होती, तेवढी सोय झाली. फक्त मोठा ट्रक गेला की वरनं बारीक माती पडायची, तेव्हा हंड्यावर हात धरायचा.

एक दिवस दुपारचं मोरीच्या गावाकडच्या तोंडात कुणीतरी उभं दिसलं. सरपंचांच्या आई. कमरेवर हंडा, हातात काठी. एकट्याच. सून माहेरी गेली होती, आणि घरात सकाळपासून नळाच्या साठवलेल्या पाण्यात डाळ शिजत होती म्हणे. आम्ही त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्या वाकून आत आल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा बसल्या, पदराखालनं स्वतःची वाटी काढली आणि सावकाश हंडा भरला. ट्रक गेला तेव्हा त्यांनी हंड्यावर हात धरला नाही, त्यांना माहीत नव्हतं. माझ्या शेजारणीनं पुढं होऊन आपला हात धरला. हंड्याला लागू न देता, वरच्या वर.

भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं हात लावावा लागतो. त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मोरीच्या गावाकडच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तिकडनं कुणी येत नव्हतं. आम्ही आमच्या जागी. वरनं गाड्या चालल्या होत्या. बराच वेळ गेला, इतका की मागच्या बाईनं हळूच आपलं पाणी भरायला घेतलं.

शेवटी त्या जाऊबाईंकडं न बघता म्हणाल्या, "हात लाव गं."

जाऊबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले, वाकल्या आणि हंडा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. ठेवताना म्हणाल्या, "मोरीत वाकून जावा, स्लॅब लागंल."

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. सुनेला माहेरनं बोलवून घेतलं होतं, म्हणजे हंड्याला हात लावायला घरचं माणूस. पण सून घाईत वाटी आणायला विसरली होती, ती तिनं आमची घेतली.